निवड न झालेल्या उमेदवारालाही उत्तर देता आले पाहिजे
सार्वजनिक क्षेत्रातील भरती आणि कार्यस्थळ विकास या क्षेत्रात सल्लागार होऊ पाहणाऱ्यांसाठी

सीबीडी बेलापूर स्थानकाबाहेर पडून तासभर पायी फिरलात, तर सरकारी नोकरभरतीची बहुतेक रूपे एकाच फेरीत दिसतात. सेक्टर 11 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे कार्यालय आहे आणि त्याच सेक्टरमध्ये बेलापूर भवनात कोकण रेल्वे महामंडळ. शेजारच्या सेक्टर 10 मध्ये कपास भवन, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचे मुख्यालय. जवळच सिडको भवन आणि विभागीय आयुक्तांचे कोकण भवन. किल्ले गावठाणाजवळ महापालिकेचे मुख्यालय आणि खाडीपलीकडे उरणच्या बाजूला जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण (जेएनपीए).

मनुष्यबळ व्यवस्थापनात पदवी घेतलेली नवी मुंबईतील मुले-मुली मात्र बहुधा महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांकडे किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांकडे वळतात. सरकारी भरती म्हणजे परीक्षेला बसणे, एवढीच ओळख असते. पण जाहिरातीमागे आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा असतो, नियम असतात, परीक्षेची व्यवस्था असते आणि रुजू झालेल्या माणसाला कामात तयार करण्याची जबाबदारीही असते. या सगळ्यात जाणकार सल्लागाराची गरज पडते. हा लेख त्या कामाकडे गंभीरपणे पाहणाऱ्यांसाठी आहे.

एक कसोटी सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावरच बेतलेले आहे. खासगी कंपनीत भरतीचे यश निवडलेल्या माणसावरून मोजतात. सार्वजनिक भरतीचे यश मोजायचे ते निवड न झालेल्या माणसाला देता येणाऱ्या उत्तरावरून. त्याने माहितीच्या अधिकारात विचारले, न्यायालयात विचारले किंवा खिडकीपाशी उभे राहून विचारले, तरी तेच आणि कागदावर असलेले उत्तर मिळायला हवे. संविधानाच्या अनुच्छेद 16 ने दिलेली समान संधी प्रत्यक्षात उतरते ती इथे.

आधी विचारा: नियम कोणाचे?

बेलापुरातील या इमारती एकमेकींच्या शेजारी असल्या तरी त्यांची नियमपुस्तके वेगवेगळी आहेत. लोकसेवा आयोग ही संविधानाच्या अनुच्छेद 315 खालची घटनात्मक संस्था. महापालिका चालते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर. तिचा आकृतिबंध आणि सेवाप्रवेश नियम यांना राज्याच्या नगरविकास विभागाची मान्यता लागते. 1970 साली स्थापन झालेली सिडको ही राज्य शासनाची कंपनी. कोकण रेल्वे ही रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतील कंपनी. जेएनपीए हे 2021 च्या महापत्तन प्राधिकरण कायद्याखाली येते. नव्या विमानतळाच्या कंपनीत अदानी समूहाचा वाटा 74 टक्के आणि सिडकोचा 26 टक्के आहे. तिथल्या भरतीला महापालिकेचे नियम लावता येत नाहीत.

फरक कागदोपत्री नाही, तो थेट आकड्यांत उतरतो. महाराष्ट्राच्या 2001 च्या आरक्षण अधिनियमात अनुसूचित जातींना 13, अनुसूचित जमातींना 7 आणि इतर मागासवर्गाला 19 टक्के आरक्षण आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग धरून ही बेरीज 52 वर जाते. त्यात 2024 च्या कायद्यानुसार सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे 10 टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांचे 10 टक्के मिळवायचे. केंद्राच्या अखिल भारतीय थेट भरतीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक यांचे आकडे अनुक्रमे 15, 7.5, 27 आणि 10 असे आहेत. कोकण रेल्वेच्या जाहिरातींत प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या कुटुंबांतील उमेदवारांना प्राधान्य असते. ते महापालिकेच्या जाहिरातीत शोधून सापडणार नाही; तिथे प्रकल्पग्रस्तांसाठी वेगळे समांतर आरक्षण असते. म्हणून कोणतेही काम हाती घेताना पहिल्या दिवशी एका पानावर लिहून काढा: संस्था कोणत्या कायद्याखाली आहे, पदाचे सेवाप्रवेश नियम कोणत्या तारखेचे आहेत, आरक्षण राज्याचे की केंद्राचे, आणि वाद झाला तर दाद कुठे मागितली जाईल. राज्य शासनाचा कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो, महापालिकेचा उमेदवार उच्च न्यायालयात. एवढे एक पान तुमचे निम्मे काम वाचवते.

सल्लागाराचे स्थान

निवडीचा अधिकार संस्थेचा, तिच्या निवड समितीचा आणि सक्षम प्राधिकाऱ्याचा असतो. सल्लागार मसुदा करतो, तपासतो, मोजतो, धोके दाखवतो आणि शिकवतो. सही मात्र अधिकाऱ्याची असते. हे न उमगलेले सल्लागार दोन प्रकारे वाया जातात. काही जण अधिकारी सांगतील ते लिहून देणारे लेखनिक होतात, तर काही जण स्वतःच भरती करत असल्याच्या थाटात वागू लागतात.

कामाचे प्रकार साधारण असे असतात: आकृतिबंधाचा अभ्यास, म्हणजे कोणत्या विभागाला किती आणि कोणती पदे हवीत याचा हिशेब, सेवाप्रवेश नियमांच्या मसुद्याला मदत, जाहिरातीची आणि अर्जाच्या नमुन्याची तपासणी, कागदपत्र पडताळणीचे नियोजन, कंत्राटी मनुष्यबळाच्या वेतन आणि भविष्य निर्वाह निधीचे लेखापरीक्षण, प्रशिक्षण, आणि लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीवरील बाह्य सदस्यत्व. सुरुवातीला यातली दोन कामे निवडा आणि ती पूर्णपणे आत्मसात करा. ‘सर्व सेवा एका छताखाली’ असे पत्रक छापणाऱ्या नवख्या सल्लागाराकडे आस्थापना विभाग फिरकत नाही.

भरती कुठे घसरते

मागणीपत्रापासून नियुक्तीपर्यंतचा प्रवास लांबचा असतो, पण तो बहुधा चार ठिकाणी अडखळतो. त्या चार जागा नीट ओळखून घ्या.

पहिली जागा बिंदुनामावलीची, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे हे ठरवणाऱ्या नोंदवहीची. ती रिक्त पदांवर लावायची नसते. संवर्गातील एकूण मंजूर पदांवर लावायची असते. आर. के. सभरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये हे स्पष्ट केले. उदाहरण घेऊ. एका संवर्गात 40 पदे आहेत, त्यांतील 10 रिक्त. अनुसूचित जातींच्या वाट्याला 40 च्या 13 टक्क्यांप्रमाणे 5 पदे येतात. कार्यरत 30 जणांत ही पाचही पदे भरलेली असतील, तर या जाहिरातीत त्या प्रवर्गाला जागा नाही. एकही भरलेले नसेल, तर पाचही पदे जाहिरातीत यायला हवीत. जो रिक्त 10 पदांवर टक्केवारी लावून 1 जागा दाखवतो, तो दोन्ही वेळा चुकतो. आपल्या विभागात नामावली तपासण्याचे काम कोकण भवनातील विभागीय आयुक्तांचा मागासवर्ग कक्ष करतो. नोंदवही तिथे जाण्यापूर्वी प्रत्येक बिंदूसमोरचे नाव, नियुक्तीचा दिनांक आणि जात वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक सेवापुस्तकाशी पडताळून घ्या. वेळखाऊ, कंटाळवाणे काम आहे, पण सल्लागाराचा खरा कस याच कामात लागतो.

दुसरी जागा समांतर आरक्षणाची. महिलांना 30 टक्के, शिवाय माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त हे सारे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजायचे असतात; दिव्यांगांचे 4 टक्के आणि अनाथांचे आरक्षण मात्र एकूण पदांवर मोजतात. समजा खुल्या 10 जागांपैकी 3 महिलांसाठी आहेत. आधी केवळ गुणवत्तेने पहिले 10 उमेदवार काढा. ते कोणत्याही सामाजिक प्रवर्गातील असू शकतात. त्यांत 3 किंवा अधिक महिला असतील तर महिला आरक्षण पूर्ण झाले, आणखी 3 जागा वेगळ्या द्यायच्या नाहीत. दोनच असतील तर यादीतील शेवटच्या पुरुषाच्या जागी गुणवत्तेतील पुढची महिला येते. ती मागास प्रवर्गातील असेल तर तिला खुल्या जागेवरून अडवता येत नाही. सौरव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये हेच सांगितले. निवड यादी करण्यापूर्वी अशा काल्पनिक गुणांची यादी हाताने सोडवून पाहा. संगणकप्रणालीवर विश्वास त्यानंतर ठेवा.

नवी मुंबईत प्रकल्पग्रस्तांचा रकाना जास्तच जपून हाताळावा लागतो. हे शहर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनीवर उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्या घरांतील आजची पिढी प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र घेऊन पडताळणीच्या टेबलापुढे उभी राहते. प्रमाणपत्र कोणाच्या नावे आहे, कुटुंबातील दुसऱ्या कोणी त्याचा लाभ आधी घेतला आहे का, हस्तांतर नियमानुसार झाले आहे का, हे तपासावेच लागते. त्यासाठी पुनर्वसन कार्यालयाशी आधीच पत्रव्यवहार करा, म्हणजे उमेदवाराला ऐनवेळी हेलपाटे पडणार नाहीत.

तिसरी जागा जाहिरातीच्या भाषेची. ‘समकक्ष अर्हता’ असे लिहून समकक्ष म्हणजे काय ते न सांगणे, अनुभव कोणत्या तारखेपर्यंत मोजायचा ते गाळणे, प्रमाणपत्र अर्जाच्या अंतिम दिनांकाचे हवे की पडताळणीच्या दिवसाचे हे मोघम ठेवणे, यांतून निम्मे वाद जन्मतात. आणि मध्येच शुद्धिपत्रक काढून निकष बदलता येत नाहीत. भरती सुरू झाल्यावर, नियमांत किंवा जाहिरातीत तशी तरतूद नसेल तर, पात्रतेच्या अटी बदलू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी तेज प्रकाश पाठक प्रकरणात सांगितले आहे. म्हणून जाहिरातीचा मसुदा तयार झाला की तो पदाची पात्रता असलेल्या, पण कार्यालयाबाहेरच्या तीन-चार जणांना वाचायला द्या. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे मसुद्यातली एक फट समजा.

चौथी जागा परीक्षा आणि गुणांची. 2021 हे वर्ष महाराष्ट्रातील उमेदवार विसरलेले नाहीत. आरोग्य विभागाची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली, मग पेपरफुटी उघड झाली. डिसेंबरमध्ये म्हाडाची परीक्षा काही तास आधी रद्द झाली आणि गावोगावहून निघालेली मुले वाटेत अडकली. त्यानंतर राज्याने टीसीएस आणि आयबीपीएस यांच्यामार्फत संगणकाधारित परीक्षांचा मार्ग धरला. पण संस्था बदलल्याने प्रश्न संपत नाहीत. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, परीक्षा अनेक सत्रांत झाली आणि गुणांचे सामान्यीकरण करावे लागले. निकालात काहींना 200 पैकी 200 हून अधिक गुण दिसले आणि राज्यभर संशयाचा गदारोळ उठला. वेगवेगळ्या काठिण्यपातळीच्या सत्रांतील गुण एका पातळीवर आणताना असे घडू शकते. ते सूत्र सोप्या मराठीत, एका सोडवलेल्या उदाहरणासह, परीक्षेपूर्वीच सर्वांपुढे ठेवायला हवे होते. अशी माहितीपत्रिका तयार करणे हे सल्लागाराचे काम आहे आणि ते फार थोडे जण करतात.

केंद्राच्या परीक्षांसाठी जून 2024 पासून गैरप्रकार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात परीक्षा घेणाऱ्या सेवा पुरवठादाराला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून तुमच्या कामासाठी प्रश्नपत्रिकेच्या जवळपासही जाण्याची गरज नसेल, तर तिथला प्रवेश लेखी नाकारा.

शिक्षण आणि पहिली पाच वर्षे

मनुष्यबळ किंवा कामगार अभ्यासातील पदव्युत्तर शिक्षण असावे. मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था कामगार कायद्यांचा पाया पक्का करते. अनेक केंद्रीय सार्वजनिक उपक्रम मनुष्यबळ अधिकारी घेताना यूजीसी-नेटच्या कामगार कल्याण व मनुष्यबळ व्यवस्थापन या विषयाचे गुण धरतात. म्हणून ती परीक्षा प्राध्यापक व्हायचे नसले तरी द्या. 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमणे कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा पदावरचा अनुभव पुढे फार कामी येतो.

पदवीनंतर लगेच सल्लागाराची पाटी लावू नका. चार-पाच वर्षे एखाद्या सार्वजनिक उपक्रमात, महामंडळात किंवा त्यांचे काम करणाऱ्या संस्थेत काढा. तिथे नस्ती कशी फिरते, टिपणी कशी लिहितात, वित्त विभाग कशावर बोट ठेवतो, हे कळते. टिपणी लिहिण्याचा सराव मुद्दाम करा: विषय, पार्श्वभूमी, नियम, पर्याय, शिफारस आणि आदेशार्थ सादर. दीड पानात मांडलेली स्वच्छ मराठी टिपणी ही या क्षेत्रातली मोठी पुंजी आहे.

अभ्यासासाठी शासन निर्णय संकेतस्थळावर विनाशुल्क मिळतात. सामान्य प्रशासन विभागाचे भरती, आरक्षण आणि अनुकंपा यांवरील निर्णय विषयवार लावून ठेवा, आणि कोणता निर्णय कोणत्या निर्णयाने अधिक्रमित झाला याची नोंद करा. नवी मुंबई महापालिकेने 2025 मध्ये गट क आणि ड मधील 620 पदांची जाहिरात काढली होती. ती मिळवा, प्रत्येक अट कोणत्या नियमातून आली ते शोधा. एक जाहिरात अशी उकलली की दहा व्याख्यानांपेक्षा जास्त शिकाल.

काम मिळवणे आणि देयक मिळवणे

सरकारी काम ओळखीवर मिळते असे सांगणारे भेटतील. त्या वाटेने जाऊ नका; ती वाट शेवटी चौकशीच्या दारात पोहोचते. महाटेंडर्स आणि जेम या संकेतस्थळांवर नोंदणी करा. उद्यम नोंदणी घ्या. केंद्राच्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा रकमेतून सूट मिळते. निविदेचे कागद वाचताना कामाची व्याप्ती, देयकाचे टप्पे आणि दंडाच्या अटी हे तीन भाग आधी वाचा. ‘आणि संबंधित इतर सर्व कामे’ हे शब्द दिसले की निविदापूर्व बैठकीत लेखी खुलासा मागा.

देयके उशिरा निघतात. सहा महिने उत्पन्नाशिवाय घर आणि कार्यालय चालेल एवढी तजवीज असल्याखेरीज स्वतंत्र व्यवसायात उतरू नका. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि विलंबावर व्याज मागता येते. मात्र प्रत्येक टप्प्याची पोच लेखी घेतली असेल तरच त्या हक्काला वजन येते.

कंत्राटी मनुष्यबळाच्या कामात विशेष सावध राहा. राज्यातील पदे बाह्य संस्थांमार्फत भरण्याच्या 2023 मधील शासन निर्णयाला तरुणांनी तीव्र विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. कायम स्वरूपाच्या कामासाठी वर्षानुवर्षे कंत्राटी माणूस ठेवण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्या माणसाचा भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, साप्ताहिक सुटी आणि किमान वेतन खरोखर त्याच्यापर्यंत पोहोचते का, हे तपासा. ठेकेदाराने दिलेल्या तक्त्यावर थांबू नका. पगाराच्या दिवशी कामाच्या जागी जा आणि माणसांशी बोला.

रुजू झाल्यानंतरचे काम

भरती संपली की खरी संस्था सुरू होते. महाराष्ट्राने 2011 मध्ये राज्य प्रशिक्षण धोरण आणले आणि पुण्याची यशदा ही त्यातली शिखर संस्था. केंद्राने 2020 मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर केले. त्याच्या आयगॉट संकेतस्थळावर हजारो अभ्यासक्रम आहेत. पण प्रमाणपत्रांची संख्या वाढली म्हणून खिडकीवरचे काम सुधारते असे होत नाही. प्रशिक्षणाची गरज ठरवताना तक्रार नोंदवही आणि परत पाठवलेले अर्ज पाहा. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवांना कालमर्यादा घातली आहे. ठरलेल्या दिवसांत किती दाखले निघाले, कुठे अडले, अडण्याचे कारण अज्ञान, अपुरी माणसे की सदोष नमुना, हे वेगळे काढा. अज्ञानावर प्रशिक्षण चालते, उरलेल्या दोहोंवर नाही. हे अधिकाऱ्याला स्पष्ट सांगण्याची हिंमत ठेवा, जरी त्यामुळे तुमचे प्रशिक्षणाचे काम कमी झाले तरी. कार्यक्रमानंतर तीन महिन्यांनी तेच आकडे पुन्हा मोजा.

कार्यस्थळ म्हणजे वातानुकूलित सभागृहच नव्हे. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली. ती क्रमवारी पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या सफाई कामगारांच्या बळावर मिळाली. त्यांना बसायला जागा, हातमोजे, महिलांना स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली मिळते का, हा कार्यस्थळ विकासाचा पहिला प्रश्न आहे. प्रशिक्षण आराखड्यात पर्यवेक्षक आणि लिपिकांइतकीच त्यांचीही नोंद असावी.

लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती सक्तीची आहे. समितीत निम्म्याहून कमी महिला नसाव्यात, अध्यक्षपद वरिष्ठ महिलेकडे असावे आणि एक बाह्य सदस्य असावा. या विषयाची खरी जाण असलेल्या सल्लागारासाठी बाह्य सदस्यत्व ही मोठी जबाबदारी आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांत यावी लागते आणि चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी लागते. पण घाई करून दुसऱ्या बाजूला पुरेशी संधी नाकारली तर सारी चौकशीच कोसळते. गोव्यातील विद्यापीठाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये नेमक्या याच कारणाने कारवाई रद्द केली आणि अंतर्गत समित्यांच्या अंमलबजावणीबाबत देशभर निर्देश दिले. तक्रारदार महिलेला न्याय मिळायचा असेल तर प्रक्रिया निर्दोष हवी.

न ओलांडायच्या रेषा

ज्या संस्थेच्या भरतीशी तुमचा संबंध आहे, तिच्या परीक्षेसाठी शिकवणी घेऊ नका. घरातलाही कोणी घेत असेल तर तसे आधी लेखी कळवा. नातेवाईक उमेदवार असेल तर त्या कामातून बाहेर पडा. उमेदवारांची कागदपत्रे स्वतःच्या फोनवर किंवा खासगी ईमेलवर ठेवू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी अधिक कडक केली आहे. उमेदवाराकडून एक रुपयाही घेऊ नका, सत्काराचा नारळही नको. आणि कोणी तोंडी सांगून यादीत बदल सुचवला, तर ‘लेखी द्या, मी नियमासह टिपणी ठेवतो’ हे एक वाक्य शांतपणे म्हणायला शिका. काही कामे हातची जातील. जी राहतील त्यांच्यावर दहा वर्षांनीही सही करताना हात कापणार नाही.

सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. या महिन्यात एका संस्थेची एक जाहिरात घ्या. तिचे सेवाप्रवेश नियम, आरक्षणाचा तक्ता आणि निवड यादी मिळवा. मग यादीत नाव नसलेल्या एका काल्पनिक उमेदवाराला एक पानी उत्तर लिहा: त्याचे नाव का नाही, कोणत्या नियमाने नाही आणि त्याला पुढे काय करता येईल. ते उत्तर तुम्हाला स्वतःला पटले, तर या क्षेत्रात तुमची गरज आहे. पटले नाही, तर नेमके काय सुधारायला हवे हे तुम्हाला कळले आहे, आणि पहिले काम तेच आहे.